कॉर्व्हेटचा पेट्रोलचा काटा

१९९७ साली अमेरिकेत शेव्हरोलेची पाचव्या पिढीतली कॉर्व्हेट बाजारात आली. शौकीन मंडळी तिला नुसतेच ‘सी-फाइव्ह’ म्हणतात. आठ सिलिंडरचे ५.७ लीटरचे इंजिन, ३४५ अश्वशक्ती, आणि ताशी २८० किलोमीटरच्या आसपास पोचणारा वेग. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल, ही गाडी मालकाला पेट्रोल पंपावरून हलूच देत नसेल. प्रत्यक्षात मॅन्युअल गिअरच्या सी-फाइव्हला अमेरिकी सरकारच्या मोजमापात हायवेसाठी गॅलनला २८ मैल, म्हणजे लीटरला जवळजवळ १२ किलोमीटर असा आकडा मिळाला. ३४५ अश्वशक्तीच्या गाडीला हे ॲव्हरेज विलक्षण आहे.

या गाडीची दुसरी ख्याती नेमकी उलट दिशेची. एवढ्या काटकसरीने पेट्रोल जाळणाऱ्या गाडीला आपल्या टाकीत किती पेट्रोल उरले आहे हेच पुष्कळदा सांगता येत नाही. टाकी निम्मी भरलेली असताना काटा अचानक शून्यावर पडतो, धोक्याचा दिवा लागतो, आणि काही वेळाने काही घडलेच नाही असा काटा परत वर चढतो. पेट्रोल जाळणे आणि पेट्रोल मोजणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीत माणसाने मोठी मजल मारली. दुसरी आजही किती अवघड आहे, हे या एका गाडीत फार स्वच्छ दिसते.

आधी ॲव्हरेजचे कोडे. वेग घ्यायला लागणारी ताकद आणि घेतलेला वेग टिकवायला लागणारी ताकद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने एकसारखे जाताना गाडीला अडवणारे दोघेच: समोरची हवा आणि टायरचा रस्त्याशी होणारा विरोध. सी-फाइव्ह बसकी आणि गुळगुळीत आहे. हवेच्या विरोधाचा तिचा गुणांक ०.२९ आहे आणि रिकाम्या गाडीचे वजन दीड टनाच्या आत. हिशेब मांडला तर या वेगाला हवा कापण्यासाठी साधारण १० अश्वशक्ती लागतात आणि टायरसाठी साधारण ७. गिअरपेटीत आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये वाया जाणारी ताकद धरली तरी बेरीज विसाच्या आसपास येते. म्हणजे ३४५ पैकी २० कामावर, बाकीच्या सव्वातीनशे स्वस्थ.

पण स्वस्थ बसलेले मोठे इंजिनही पेट्रोल खातेच. पेट्रोल इंजिनाची जातच अशी की त्याच्याकडून थोडे काम घेतले की ते उधळे होते. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि त्या बारीक फटीतून हवा ओढून घेण्यात पिस्टनची मेहनत फुकट जाते. यावर उपाय एकच, इंजिन शक्य तितके हळू फिरवायचे. फेरे कमी झाले की तेवढीच ताकद देण्यासाठी झडप अधिक उघडावी लागते, हवा मोकळेपणाने आत येते आणि घर्षणही घटते. सी-फाइव्हचा सहावा गिअर यासाठीच दिलेला आहे. त्याचे गुणोत्तर ०.५०, म्हणजे गिअरपेटीतून निघणारा दांडा इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरतो. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला या गाडीचे इंजिन मिनिटाला जेमतेम १,३५० फेरे घेते. लहान इंजिनाच्या गाड्या त्याच वेगाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर असतात. इतक्या कमी फेऱ्यांवर न गचकता गाडी ओढायला इंजिनात मुळात दम लागतो, आणि तो ५.७ लीटरमध्ये भरपूर आहे. इंजिनाचा मोठेपणा इथे काटकसरीच्या उपयोगी पडला, ही मला या गाडीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हायवेचे असे झाले. शहरात मात्र भौतिकशास्त्राने साथ दिली नाही आणि कायदा मागे लागला. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर वेगळा कर बसवला. शहर आणि हायवे यांची सरकारी पद्धतीने काढलेली सरासरी गॅलनला २२.५ मैलांच्या खाली गेली की हा कर सुरू होतो, आणि पहिल्याच पायरीवर १,००० डॉलर भरावे लागतात. कॉर्व्हेटच्या अभियंत्यांनी १९८९ मध्ये, मागच्या पिढीत सहा गिअरची पेटी आली तेव्हाच, त्यावर एक युक्ती बसवली होती. ती सी-फाइव्हमध्येही आहे. इंजिन गरम झालेले असेल, गाडी ताशी साधारण २४ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान असेल आणि चालकाचा पाय हलका असेल, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाऊ पाहणारा गिअरचा दांडा विद्युतचुंबकाच्या एका खिळीने अडवला जातो आणि थेट चौथ्यात जातो. डॅशबोर्डवर तशी खूण लागते. चौथ्यात इंजिनाचे फेरे एकदम उतरतात आणि शहराच्या चाचणीत काही थेंब वाचतात. पाय जोरात दिला तर ही अडवणूक होत नाही. बऱ्याच मालकांना ती इतकी नकोशी होते की बाजारात मिळणारा एक छोटा रोधक त्या खिळीच्या वायरला लावून ते ती कायमची बंद करतात. गाडीचा करासाठी धरलेला आकडा त्या खिळीसह काढलेला असतो. रस्त्यावरचा आकडा खिळीशिवायचा.

हे सरकारी आकडे काढतात कसे, हेही नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तिथे पेट्रोलचा काटा कोणी पाहतच नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे सरकारी पर्यावरण संस्थेची प्रयोगशाळा आहे. बहुतेक चाचण्या कंपन्या स्वतःच ठरलेल्या पद्धतीने करतात आणि त्यांतल्या काही गाड्या ही प्रयोगशाळा पुन्हा तपासते. गाडी रोलरवर उभी करतात. ती जागची हलत नाही, फक्त चाके फिरतात, आणि चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत गोळा होतो. त्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनमधला कार्बन मोजतात. पेट्रोलमध्ये किती कार्बन असतो हे आधीच माहीत असते. त्यामुळे बाहेर आलेल्या कार्बनवरून आत जळलेले पेट्रोल निघते. एक लीटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलला हात न लावता धुरावरून पेट्रोल मोजण्याची ही रीत मापनशास्त्रातले एक खरे आश्चर्य आहे. आपल्याकडे हेच काम पुण्यात होते. वेताळ टेकडीच्या कुशीतल्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचा आकडा गाडीच्या जाहिरातीत छापलेला असतो. तो याच जातीच्या चाचणीतून येतो, आणि त्या चाचणीतला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वर जाणाऱ्याला तो आकडा का मिळत नाही, याचे अर्धे उत्तर त्यात आहे. अमेरिकेनेही २००८ पासून आपली पद्धत कडक केली आणि जुन्या गाड्यांचे आकडे पुन्हा मांडले. त्यात सी-फाइव्हचा हायवेचा आकडा २८ वरून २६ च्या आसपास आला. लीटरला ११ किलोमीटर. तरीही उत्तमच.

पूर्ण पाय दाबला तर काय होते, तेही सांगायला हवे. ३४५ अश्वशक्ती सतत घ्यायच्या तर ढोबळ हिशेबाने तासाला १०० लीटरच्या आसपास पेट्रोल लागते. सुमारे ७० लीटरची टाकी चाळीसेक मिनिटांत संपेल, आणि ताशी २८० च्या वेगालाही लीटरमागे तीन किलोमीटर मिळणार नाहीत. एकाच गाडीचे, एकाच दिवसाचे ॲव्हरेज ३ पासून १२ पर्यंत हलू शकते. साध्या गाडीत हा पल्ला एवढा लांब नसतो. पेट्रोलचे मोजमाप स्पोर्ट्‌स कारमध्ये का गुंतागुंतीचे होते, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण टाकीचा आकार. सी-फाइव्हमध्ये वजन पुढे-मागे सारखे वाटले जावे म्हणून गिअरपेटी मागच्या चाकांपाशी नेली आहे आणि इंजिनापासून तिथपर्यंत गाडीच्या मधोमध एक जाड नळी जाते. त्यामुळे पेट्रोलसाठी एकसंध जागा उरली नाही. सीटच्या मागे, मागच्या आसाच्या पुढे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा प्लॅस्टिकच्या दोन टाक्या बसवल्या आणि त्या एका आडव्या नळीने जोडल्या. पेट्रोल डावीकडून भरतात. डावी भरत आली की जास्तीचे उजवीत जाते. इंजिनाला पुरवठा करणारा पंप डाव्या टाकीत. मग उजवीतले पेट्रोल डावीकडे आणायचे कसे? पंपाने दाबलेल्या पेट्रोलची एक बारीक धार उजव्या टाकीतल्या अरुंद तोंडातून वेगाने सोडतात. तिथे दाब कमी होतो आणि ती धार भोवतालचे पेट्रोल आपल्याबरोबर ओढून डावीकडे नेते. वेगळी मोटर नाही, हलणारा भाग नाही. उजवी आधी रिकामी होते, डावी शेवटपर्यंत पंपाला बुडवून ठेवते.

दोन टाक्या म्हणजे पेट्रोलची पातळी सांगणारे दोन फ्लोट. एक हलका तरंगता तुकडा, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला धातूची बोटे, आणि ती बोटे सिरॅमिकच्या पट्टीवर छापलेल्या विद्युतरोधावरून सरकतात. टाकी रिकामी असली की रोध ४० ओहम, भरलेली असली की २५० ओहम. गाडीचा संगणक दोन्ही टाक्यांचे आकडे वाचतो, प्रत्येक टाकीच्या वेड्यावाकड्या आकाराप्रमाणे त्यांचे लीटर करतो, बेरीज करतो आणि मग काटा हलवतो. काट्याला पेट्रोल दिसत नाही. त्याला पेट्रोलच्या पृष्ठभागाची उंची तेवढी कळते, तीही टाकीतल्या एका ठिकाणची.

आणि स्पोर्ट्‌स कारमध्ये हा पृष्ठभाग सपाट असतो कुठे? गाडी वळते तेव्हा टाकीतले द्रव बाहेरच्या बाजूला चढते. किती चढते, ते शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येते. घरगुती गाडी शांतपणे वळण घेते तेव्हा बाजूचा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांशाइतका असतो. पृष्ठभाग १७ अंशांनी कलतो. सी-फाइव्ह आपल्या रुंद टायरांवर गुरुत्वाकर्षणाच्या नऊ दशांशाइतका रेटा सहज सोसते, आणि तेव्हा पेट्रोल ४२ अंशांच्या उतारावर उभे असते. करकचून ब्रेक मारला की तोच उतार पुढच्या बाजूला होतो. अशा क्षणी फ्लोट जे सांगेल त्याला काही अर्थ नसतो. म्हणून संगणक पुष्कळ वेळाची सरासरी घेतो आणि काटा मुद्दाम मंद ठेवतो. घाटात काटा नाचत नाही तो या सरासरीमुळे. याच सरासरीची किंमत अशी की काटा नेहमी थोडा जुना आकडा दाखवत असतो.

आता सी-फाइव्हच्या खोटे बोलणाऱ्या काट्याकडे येऊ. दोष रसायनशास्त्रातला आहे. पट्टीवरचे जे संपर्क, ते चांदीच्या मिश्रधातूचे. चांदी वीज उत्तम वाहते, पेट्रोलमध्ये गंजत नाही, म्हणून ती निवडली. पण चांदीला गंधक सोसत नाही. देवघरातली चांदीची निरांजने नुसती हवेतल्या गंधकाने काळवंडतात, तोच सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर इथे पेट्रोलमधल्या गंधकाच्या लेशमात्र संयुगांनी बसतो. हा थर वीज धड वाहू देत नाही. ४० ते २५० ओहमच्या हिशेबात मग आणखी रोध मिसळतो. रोध वाढला म्हणजे टाकी जास्त भरलेली, असे संगणकाला शिकवलेले आहे. त्यामुळे थर पातळ असेल तर गाडी आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवते. थर जाड होऊन आकडा शक्यतेच्या बाहेर गेला, की संगणक ओळखतो की काहीतरी बिघडले, आणि काटा शून्यावर टाकून धोक्याचा दिवा लावतो. खात्री नसेल तेव्हा ‘पेट्रोल नाही’ असे सांगायचे, हा निर्णय ज्या अभियंत्यांनी घेतला त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. घाबरलेला चालक पंपावर जातो. चुकून निर्धास्त झालेला चालक रात्री महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात बंद पडतो.

हा दोष एकट्या कॉर्व्हेटचा नाही हे मे २००४ मध्ये सिद्ध झाले. लुईझियाना राज्यातल्या नॉर्को इथल्या मोटिव्हा रिफायनरीतून गंधकाचे प्रमाण वाढलेले पेट्रोल बाहेर पडले. लुईझियाना आणि फ्लोरिडा भागातल्या पंपांवर ते विकले गेले, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे काटे रिकाम्या टाकीवर ‘भरलेली’ दाखवू लागले. पंपांवरची विक्री थांबवावी लागली. त्यानंतर अमेरिकेच्या पेट्रोलच्या मानकात एक चाचणी आली. चांदीची एक पट्टी पेट्रोलमध्ये ठरावीक वेळ बुडवून ठेवायची आणि ती किती काळी पडली ते पाहायचे. सी-फाइव्हचे मालक त्याच्या आधीपासूनच टाकीत सफाईद्रव्याची बाटली ओतून तो थर धुऊन काढत आले आहेत, आणि पुष्कळदा त्याने खरोखर गुण येतो. नाही आला तर टाकी उघडून सेंडर, म्हणजे फ्लोट, दांडी आणि पट्टी यांचा तो संच, बदलणे आले, आणि या गाडीत ते काम लहान नाही.

काटा बिघडला तर फार काय होईल, असे वाटणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेट्रोलच्या वाफा बाहेर गळतात का, हे गाडी आपोआप तपासत असते, आणि ही तपासणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच करते. पातळी कळली नाही की तीही अडते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. एका काळ्या पडलेल्या संपर्कामुळे गाडी प्रदूषणाच्या तपासणीत अडकू शकते.

काट्यावर भरवसा नाही, तर दुसरा मार्ग मोजणीचा. आधुनिक इंजिनात पेट्रोल इंजेक्टरमधून जाते. संगणक प्रत्येक इंजेक्टर सेकंदाच्या काही हजारांश भागापुरता उघडतो. दाब ठरलेला, भोक ठरलेले. तेव्हा किती वेळ उघडला यावरून किती पेट्रोल गेले ते निघते. सी-फाइव्हच्या डॅशबोर्डवर बटण दाबले की त्या क्षणाचे ॲव्हरेज, प्रवासाचे ॲव्हरेज आणि उरलेल्या पेट्रोलवर किती अंतर जाल हे तिन्ही आकडे दिसतात. पहिले दोन या मोजणीतून येतात आणि ते बरेच विश्वासाचे असतात. इंजेक्टर आणि दाब यांतल्या बारीक फरकांमुळे काही टक्के इकडेतिकडे होते इतकेच. तिसऱ्या आकड्याचे तसे नाही. तो काढण्यासाठी फ्लोटने सांगितलेले लीटर मागच्या प्रवासाच्या ॲव्हरेजने गुणतात. दोन अंदाजांचा गुणाकार. हायवेवर १२ च्या ॲव्हरेजने आलेली गाडी डोंगरात शिरली, पाय खाली गेला, की ‘१२० किलोमीटर बाकी’ हा आकडा ५० सुद्धा गाठू देत नाही. चालक सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात तो याच आकड्यावर, कारण तो नेमका दिसतो.

जुन्या लोकांनी मोजण्याचा हा सगळा उपद्व्यापच टाळला होता. पोर्शेच्या अगदी सुरुवातीच्या ३५६ गाड्यांत पेट्रोलचा काटा नव्हता. टाकीत बुडवून पाहायला लाकडी पट्टी मिळत असे. फोक्सवॅगन बीटलला काटा आला तो १९६१ मध्ये. तोवर पायापाशी एक खटका होता, इंजिन गचके खाऊ लागले की तो फिरवून राखीव पेट्रोल सुरू करायचे. आपल्याकडे मोटारसायकलवाल्यांच्या दोन पिढ्या याच तत्त्वावर राज्यभर फिरल्या. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ की वाकून कॉक फिरवायचा. त्या कॉकला मोजता काही येत नव्हते, पण त्याने कोणाला फसवलेही नाही.

मोजमापातली चूक किती महाग पडते, हे शर्यतीच्या मैदानात उघड दिसते. १९८२ पासून सहनशक्तीच्या शर्यतींत ‘ग्रुप सी’ नावाचा नियम आला. इंजिन हवे तसे ठेवा, पण १,००० किलोमीटरला ६०० लीटर आणि ल मान्सच्या चोवीस तासांना २,६०० लीटर, यापेक्षा जास्त पेट्रोल मिळणार नाही. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला पहिल्यांदा उतरलेल्या पोर्शे ९५६ ला, वेग हातात असूनही, पेट्रोल पुरवण्यासाठी हळू जावे लागले. तिने आपला गट जिंकला, पण शर्यत पेट्रोलचे बंधन नसलेल्या लान्चियाने नेली. पुढे ल मान्सला पोर्शेने आधीच्या विजयांत भर घालत १९८१ ते १९८७ अशी सलग सात वर्षे कोणाला जिंकू दिले नाही. १९८८ मध्ये ही मालिका तुटली. हान्स स्टुक, डेरेक बेल आणि क्लाउस लुडविग यांची पोर्शे ९६२ पहिल्या काही तासांत आघाडीच्या झुंजीत होती. लुडविगने टाकीतले पेट्रोल आणखी एका फेरीला पुरेल असे धरले आणि ते पुरले नाही. साडेतेरा किलोमीटरची ती फेरी संपण्याआधी इंजिन कोरडे पडले, आणि त्याने गाडी स्टार्टर मोटरच्या जोरावर रखडत पिटपर्यंत आणली. दोनेक फेऱ्या गेल्या. उरलेला सगळा वेळ त्या गाडीने ते अंतर भरून काढण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी जॅग्वार आणि ती पोर्शे, दोघींच्याही ३९४ फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या. जॅग्वार सुमारे अडीच मिनिटांनी पुढे होती. चोवीस तासांची शर्यत काही लीटरच्या अंदाजावर गेली, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये १९८६ साली प्रत्येक गाडीला १९५ लीटर मिळत. ॲलन प्रॉस्टच्या मॅक्लारेनमध्ये उरलेले पेट्रोल दाखवणारा संगणक होता. जुलैत हॉकेनहाइमला शेवटच्या फेरीत त्याची आणि त्याचा सहकारी केके रोसबर्गची, दोन्ही गाड्या कोरड्या पडल्या. प्रॉस्ट उतरून गाडी ढकलू लागला. ऑक्टोबरात ॲडलेडला विश्वविजेतेपद पणाला लागलेले असताना तोच संगणक ‘पाच लीटर कमी पडणार’ असे सांगत राहिला. प्रॉस्टने या वेळी त्याचे ऐकले नाही. तो शर्यत जिंकला, विजेतेपदही जिंकला, आणि रेषा ओलांडताच गाडी थांबवून आनंदाने उड्या मारू लागला. एकाच हंगामात दोन्ही बाजूंची चूक.

त्यानंतर मोजमाप पुष्कळ सुधारले. २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारे मीटर आले आणि तासाला १०० किलो ही मर्यादा बसली. पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, डॅनियल रिकार्डोचे दुसरे स्थान काढून घेतले गेले, कारण त्याच्या संघाने अधिकृत मीटरपेक्षा आपल्या इंजेक्टरच्या हिशेबावर विश्वास ठेवला होता. मात्र सर्वांत बोलके उदाहरण १ ऑगस्ट २०२१ चे आहे. हंगेरीत सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला. शर्यतीनंतर तपासणीसाठी टाकीतून एक लीटर पेट्रोल निघाले पाहिजे असा नियम. व्हेटेलच्या ॲस्टन मार्टिनमधून ०.३ लीटर निघाले. संघ म्हणाला, आमच्या मोजणीप्रमाणे टाकीत १.७४ लीटर आहे. इंजेक्टरची मोजणी चुकलेली नव्हती. पुढे तपासात दिसले की पेट्रोलच्या यंत्रणेतल्या बिघाडाने इंजिनात न जाताच पेट्रोल बाहेर गेले होते. जळलेल्याचा हिशेब चोख, गळलेल्याचा हिशेब नाही. दुसरे स्थान गेले ते गेलेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पातळी आणि मोजणी हे दोन साक्षीदार आहेत, आणि दोघांची जबानी जुळते तेव्हाच ती मानावी. जुळवायची रीत प्रत्येकाच्या हातात आहे. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून पुन्हा तितकीच भरा. अंतर भागिले भरलेले लीटर. नोझल कधी थोडे आधी बंद होते, कधी थोडे उशिरा, म्हणून एकाच भरण्यावरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार वेळचे अंतर आणि लीटर एकत्र मोजा. पंपाचे मापही तपासता येते. आपल्या प्रत्येक पंपावर पाच लीटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात भरून दाखवावे लागते. पाच लीटरमध्ये २५ मिलीलीटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. गाडीतल्या कोणत्याही काट्यापेक्षा हे माप खरे आहे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आकडा थोडा बदलला तर घाबरू नका. तापमान एका अंशाने वाढले की पेट्रोल साधारण एक हजारांश फुगते. आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या लीटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी ऊर्जा असते. ॲव्हरेज थोडे उतरले तर तो दोष गाडीचा किंवा काट्याचा असेलच असे नाही.

सी-फाइव्ह चालवणाऱ्याने, किंवा कोणत्याही गाडीच्या मालकाने, काटा अचानक शून्यावर पडला तर आधी ट्रिप मीटर पाहावा. टाकी भरल्यापासून दीडशे किलोमीटरच झाले असतील आणि पेट्रोलचा वास येत नसेल, तर पेट्रोल आहे. सेंडर तपासून घ्या. वास येत असेल तर मात्र गाडी तिथेच बंद करा. आणि काटा खरा असो वा खोटा, पाव टाकी उरली की भरायची सवय ठेवा. टाकीच्या आत बसवलेला विजेचा पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळेच, आणि टाकी वरचेवर कोरडी पडू दिली तर काट्याच्या आधी तो पंप जातो.